फ्रान्समध्ये राहायला येताय? रोजच्या बोलण्यातली फ्रेंच या क्रमाने शिका

अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेतलेली, मग पुण्यात किंवा मुंबईत आलियाँस फ्राँसेझमध्ये दोन-तीन लेव्हल केलेल्या, एखाद्याची बी-टू, म्हणजे वरच्या मध्यम पातळीची, परीक्षाही झालेली. अशी मराठी मुलंमुली दर सप्टेंबरला शिकायला किंवा विमान कंपन्यांमध्ये नोकरीला इथे तुलूझला येतात. पहिल्याच आठवड्यात बेकरीच्या रांगेत समोरची बाई भराभर काहीतरी बोलते आणि त्यातला एक शब्द ओळखीचा वाटत नाही. मग वाटतं, एवढं शिकलो ते सगळं वाया गेलं.

ते वाया जात नाही. पुस्तकातली फ्रेंच आणि तोंडातली फ्रेंच यांच्यात अंतर मोठं असलं, तरी ते भाषेभर पसरलेलं नाही, ठरावीक जागी आहे. त्या जागा माहीत झाल्या की काही महिन्यांत कान बसतो. गडबड होते ती क्रमामुळे. बहुतेक जण इंटरनेटवरून तरुणांच्या तोंडचे झणझणीत शब्द आधी पाठ करतात आणि दुकानात शिरताना नमस्कार करायला विसरतात. माझं सांगणं याच्या नेमकं उलट आहे: आधी रीतभात, मग कान, मग बोलण्यातले भराव, आणि झणझणीत शब्द सगळ्यात शेवटी.

लिहिण्याबद्दल एक सूचना. फ्रेंच उच्चार देवनागरीत तंतोतंत बसत नाहीत. मी जवळचा उच्चार देते आहे, नेमका आवाज तुम्हाला इथल्या लोकांच्या तोंडूनच उचलावा लागेल. 'त्यू', 'द्यू' असं लिहिलंय तिथे ओठ 'उ'चे आणि जीभ 'ई'ची ठेवा, म्हणजे काम होईल.

पायरी १: आत शिरताच 'बोंजूर'

आपल्याकडे वाण्याच्या दुकानात गेलं की 'अर्धा किलो साखर द्या' अशी थेट सुरुवात होते आणि त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नाही. फ्रान्समध्ये दिसतो. दुकान, दवाखान्यातली वेटिंग रूम, बस, लिफ्ट, ऑफिसातला कॉफीचा कोपरा, जिथे जाल तिथे पहिला शब्द 'बोंजूर'. संध्याकाळी पाच-सहानंतर 'बोंस्वार'. वाट विचारायची असली तरी नुसतं 'एक्स्क्यूझे म्वा' पुरत नाही, 'बोंजूर, एक्स्क्यूझे म्वा' म्हणायचं. तुम्ही थेट प्रश्न विचारलात आणि काउंटरवरच्या माणसाने जरा ठासून, एकेक अक्षर वेगळं काढत 'बोंजूर' म्हटलं, तर ते उत्तर नाही. तुमचा नमस्कार राहिलाय, ही आठवण आहे. तुम्हीही 'बोंजूर' म्हणा आणि प्रश्न पुन्हा विचारा, मामला तिथेच मिटतो. २०१३ मध्ये नीस शहरातल्या एका कॅफेने फळ्यावर दरच लावले होते: 'एक कॉफी' म्हणालात तर ७ युरो, 'एक कॉफी, प्लीज' म्हणालात तर सव्वाचार, आणि 'बोंजूर, एक कॉफी, प्लीज' म्हणालात तर १ युरो ४० सेंट. गंमत म्हणून लावलेला तो फळा देशभर गाजला, कारण दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

एकाच माणसाला दिवसात दुसऱ्यांदा 'बोंजूर' म्हणायचं नाही. पहिली भेट तुम्ही विसरलात असा त्याचा अर्थ होतो. 'रबोंजूर' म्हणा. मित्रमंडळींत नुसतं 'र' म्हटलं तरी चालतं. निघतानाही तोंड मिटून निघू नका: 'मेर्सी, बॉन झुर्ने', संध्याकाळी 'बॉन स्वारे', शुक्रवारी 'बॉ वीकेंड'. जाता जाता काहीतरी शुभ चिंतायचं ही इथली सवय आहे. परीक्षेला, कामाला किंवा नुसत्या जिन्यावर ओझं घेऊन निघालेल्या माणसालाही 'बॉ कुराज' म्हणतात.

'सा व्हा?' हा तब्येतीचा प्रश्न नाही. 'सा व्हा, ए त्वा?' एवढंच उत्तर द्यायचं आणि पुढे जायचं. सर्दी-खोकल्याची हकीकत जवळच्या मित्राला सांगा.

पायरी २: बेकरी आणि सुपरमार्केटचे ठरलेले प्रश्न

इथे जास्त वेळ घालवा, कारण हे संवाद रोज आहेत आणि जवळपास शब्दशः तेच आहेत. बेकरीत 'बागेत', म्हणजे लांबट फ्रेंच पाव, मागितलीत की पुढचा प्रश्न येतो, 'आव्हेक ससी?' पुस्तकातून अर्थ काढायला गेलात तर हाती काही लागत नाही. तो प्रश्न आहे, 'आणखी काय देऊ?' काही नको असेल तर 'से तू, मेर्सी'. 'स सरा तू?' असं विचारलं तरी उत्तर तेच. खायला-प्यायला घेत असाल तर 'स्यूर प्लास ऊ आ आंपोर्ते?', म्हणजे इथे बसून की घेऊन जाणार. बागेतचेही प्रकार आहेत. 'त्रादिस्यों' मागा, थोडी महाग पण कितीतरी चांगली. कडक भाजलेली हवी तर 'बियें क्वीत', मऊ हवी तर 'पा त्रो क्वीत'. हे दोन शब्द वापरलेत की तुम्ही पाहुणे राहत नाही, गिऱ्हाईक होता.

पैसे देताना 'पार कार्त?' विचारतात. मग 'ल तिके?', म्हणजे पावती हवी का. ऑगस्ट २०२३ पासून पावती आपोआप छापायची नाही असा नियम झाला, तेव्हापासून हा प्रश्न जागोजागी ऐकू येतो. तुलूझमध्ये आणखी एक: 'व्हू व्हुले यून पॉश?' 'पॉश'चा शिकलेला अर्थ खिसा. इथल्या नैऋत्य फ्रान्समध्ये मात्र पिशवीला पॉश म्हणतात.

कॅफेत वेटरला 'गार्सों' म्हणून हाक मारू नका, ते जुनं झालं. नजर मिळवून 'सिल व्हू प्ले' म्हणा. पाणी हवं तर 'यून काराफ दो'. नळाचं पाणी सुरईत येतं, त्याचे पैसे लागत नाहीत. नुसतं पाणी म्हणालात तर विकतची बाटली येऊ शकते.

पायरी ३: गिळलेले आवाज ऐकायला शिका

खरी मेख इथे आहे. फ्रेंच माणूस वेगाने बोलतो असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा तो वेग नसतो. मधले आवाज गाळल्यामुळे वाक्यच आखूड झालेलं असतं.

सगळ्यात पहिला गळतो तो नकारातला 'न'. पुस्तकात 'झ न से पा', म्हणजे मला माहीत नाही. बोलताना 'न' जातो, 'झ से पा' उरतं, आणि तेही दाबलं जाऊन 'शे पा' होतं. तसंच 'झ स्वी'चं 'श्वी', 'त्यू आ'चं 'ता', 'त्यू ए'चं 'ते', 'इल या'चं नुसतं 'या'. आता हे एकत्र करा. 'झ न से पा स किल या', म्हणजे काय झालंय कुणास ठाऊक. हे पूर्ण वाक्य कानावर येतं ते 'शे पा स्क्या' एवढंच. तीन अक्षरं. तुमचे सगळे शब्द त्यात आहेत, फक्त घडी घातलेले.

'न' गेल्यामुळे नकाराचा सगळा भार मागच्या शब्दावर येतो: 'पा' (नाही), 'झामे' (कधीच नाही), 'पेर्सॉन' (कुणीच नाही). आणि इथेच एक जागा अशी आहे जिथे नीट कान द्यावाच लागतो. लिहिताना एकच असलेला 'प्ल्यू' हा शब्द 'अजून' आणि 'संपलं' या दोन्ही अर्थांनी येतो. शेवटचा 'स' ऐकू आला तर अजून, नाही ऐकू आला तर संपलं. 'झां व्ह प्ल्यूस' म्हणजे मला आणखी हवंय. 'झां व्ह प्ल्यू' म्हणजे आता नको. संध्याकाळी उशिरा बेकरीत गेलात आणि बाई म्हणाली 'या प्ल्यू द पँ', तर पाव संपलाय, थांबण्यात अर्थ नाही. जेवणाच्या टेबलावर या एका 'स'ने ताटात काय पडणार ते ठरतं, म्हणून तो मोठ्याने म्हणून घोटून ठेवा.

प्रश्न विचारण्याची पुस्तकातली उलटापालट बोलण्यात सहसा नसते. साधं वाक्य, शेवटी सूर वर: 'त्यू व्हियें?' 'से ऊ?' मराठीत 'येतोस?' म्हणतो तसंच. हे आपल्याला लगेच जमतं, त्यामुळे लाजू नका.

याला अभ्यास असा करा. आर-एफ-आय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र ऐकायला चांगलं आहे, पण ते स्वच्छ बोलतात. गिळलेले आवाज पकडायचे तर फ्रेंच मालिका फ्रेंच सबटायटलसकट बघा. एक छोटा प्रसंग घ्या, वाचा, थांबवा, पुन्हा ऐका, आणि लिहिलेलं काय व बोललेलं काय याची वहीत दोन रकान्यांत नोंद करा. इंग्रजी सबटायटल लावलंत की कान झोपतो.

पायरी ४: तू, तुम्ही आणि आपण

'त्यू' आणि 'व्हू' म्हणजे आपलंच तू आणि तुम्ही, त्यामुळे ही भानगड आपल्याला उपजत कळते. रेषा मात्र वेगळ्या जागी आहे. मुलं आई-वडील दोघांनाही सहसा 'त्यू'च म्हणतात. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या मिनिटापासून 'त्यू'. लॅबमध्ये, ऑफिसमध्ये अनेकदा साहेबही 'त्यू'. दुकानदार वयाने तुमच्याएवढा असला तरी 'व्हू'. शेजारच्या आजी, घरमालक, डॉक्टर, पोलीस, प्रेफेक्त्यूरमधला, म्हणजे सरकारी जिल्हा कचेरीतला, कारकून, सगळे 'व्हू'. शंका आली की 'व्हू' धरा आणि समोरचा 'ऑं प स त्युत्वाये', आपण एकमेकांना तू म्हणू या, असं म्हणेपर्यंत वाट बघा. पुढाकार वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या असलेल्याचा. एकदा 'त्यू'वर आलात की परत 'व्हू'वर जायचं नाही, ते भांडल्यासारखं वाटतं. आणि काका, मावशी, दादा ही आपली हक्काची संबोधनं इथे नाहीत. 'मादाम' आणि 'म्स्य' एवढ्यावर भागवायचं.

'आम्ही'साठी 'नू' शिकलात, पण बोलताना लोक 'ऑं' म्हणतात. क्रियापदही सोपं होतं. 'ऑं नी व्हा' म्हणजे चला, निघू या. आपल्या 'आपण'सारखाच तो मोकळा, सगळ्यांना सामावणारा शब्द आहे. पहिल्या दिवसापासून वापरा. तुमचं बोलणं पुस्तकी वाटणं निम्म्याने कमी होईल.

पायरी ५: वाक्याच्या सांध्यातले शब्द

'म्हणजे', 'बरं का', 'तर मग' काढून टाकले तर मराठी बोलणं लाकडासारखं होतं. फ्रेंचमध्ये ते काम काही मोजके शब्द करतात. 'द्यू कू' म्हणजे मग, त्यामुळे. इतका बोकाळलाय की फ्रेंच लोकच त्यावर वैतागतात. 'आं फेत' म्हणजे खरं तर. 'ब्रेफ' म्हणजे असो. 'बाँ' म्हणजे बरं. 'बा' किंवा 'बें' वाक्याआधी, विचार करताना. 'एं?' वाक्याच्या शेवटी, आपल्या 'ना?' किंवा 'हं!' सारखं. 'क्वा'ही शेवटी, सांगायचं ते सांगून झालं अशा अर्थाने. 'व्ह्वाला' म्हणजे हेच, एवढंच, झालं. 'वी'ऐवजी 'वे', आपल्या 'होय'चं 'हां' व्हावं तसं. आणि ओठ पुढे काढून 'बॉफ', म्हणजे ठीकठाक, काही खास नाही.

एका वेळी एकच उचला. एक आठवडा फक्त 'द्यू कू'. तो न ठरवता तोंडातून यायला लागला की पुढचा. सगळे एकदम कोंबले तर नाटक वाटतं.

होकाराचे प्रकार भरपूर आहेत आणि सगळे बिनधोक आहेत: 'सा मार्श' ठरलं, 'निकेल' एकदम झकास, 'कारेमां' अगदीच. कुणी माफी मागितली तर 'से पा ग्राव्ह' किंवा 'पा द सूसी'. मित्र काळजीत असेल तर 'तँकियेत'. कुणी नकारार्थी प्रश्न विचारला, 'तू येत नाहीस?', आणि तुम्ही येणार असाल, तर उत्तर 'वी' नाही, 'सी'.

कौतुकाचा मापही समजून घ्या. 'पा माल', शब्दशः वाईट नाही, हे चांगलंच कौतुक आहे. गाईडने तुमच्या कामाला 'पा माल' म्हटलं तर खूश व्हा. 'पा तेरीब्ल' ऐकून मात्र भयंकर नाही असा अर्थ काढू नका, त्याचा अर्थ होतो सुमार. याच्या उलटसुलटपणात अनेक जण महिनोन्महिने फसलेले राहतात.

पायरी ६: आखूड झालेले आणि घरगुती शब्द

लांब शब्दाची शेपटी कापायची फ्रेंचांना भारी हौस. आपार्तमां झालं 'आपार्त', ऑर्दिनातर झालं 'ऑर्दी', दुपार झाली 'आप्रेम', नाश्ता 'प्ती देज', युनिव्हर्सिटी 'फाक', घर वाटून राहणं 'कोलोक', सोशल सिक्युरिटी 'सेक्यू'. विद्यार्थ्यांची खानावळ 'रेस्तो यू'. 'आ तूत' म्हणजे थोड्या वेळात भेटू.

मग रोजचे शब्द: नोकरी 'बुलो', राबणं 'बॉसे', पैसे 'फ्रिक' किंवा 'त्यून', पुस्तक 'बुकँ', गाडी 'बान्यॉल', मित्र 'पॉत', जेवणखाण 'बुफ', 'दी बाल' म्हणजे दहा युरो. नाव आठवत नसलेली कुठलीही वस्तू 'त्र्यूक' किंवा 'माशँ'. 'त्र्यूक' आधी शिका, अडल्याजागी शंभर वेळा उपयोगी पडतो. 'झे ला दाल' म्हणजे कडकडून भूक लागलीय, आणि कडाक्याची थंडी पडली की 'सा काय!' मराठी कानाला हे दोन्ही लगेच लक्षात राहतात. 'गालेर' म्हणजे कटकट. राहण्याच्या परवान्याची कागदपत्रं जमवताना हा शब्द आपोआप तोंडी बसेल.

उत्तर आफ्रिकेतून आलेल्या लोकांमुळे आणि त्या भागाशी असलेल्या जुन्या संबंधांमुळे काही अरबी शब्द रोजच्या फ्रेंचमध्ये मुरले आहेत. डॉक्टरला 'तुबिब' म्हणतात, तो आपल्या जुन्या मराठीतला तबीब. 'झ किफ', मला जाम आवडतं, यातला 'किफ' म्हणजे आपल्याकडचा कैफ.

पायरी ७: उलटे शब्द समजून घ्या, वापरायची घाई नको

अक्षरं उलटी फिरवून शब्द करायच्या पद्धतीला 'व्हेर्लां' म्हणतात. मोठ्या शहरांच्या उपनगरांतल्या तरुणांनी ती वाढवली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. 'फाम'चं 'मफ' म्हणजे बाई, 'फू'चं 'उफ' म्हणजे भन्नाट, 'लूश'चं 'शलू' म्हणजे संशयास्पद, 'लूर'चं 'रलू' म्हणजे डोकं खाणारा. 'उफ', 'शलू', 'रलू' आता चाळिशीतले लोकही म्हणतात, ते मित्रांत चालतील. 'मफ' कोण कुणाबद्दल म्हणतंय यावर बराच फरक पडतो, परक्याच्या तोंडी तो खटकतो. माणसाच्या वंशावरून, देशावरून पडलेले उलटे शब्दही ऐकाल. ते स्वतःबद्दल वापरणारे वेगळे, तुम्ही वापरू नका.

शिव्यांचंही तेच. 'प्युतँ' आणि 'मेर्द' दिवसभर कानावर येतात, इथे दक्षिणेत तर वाक्याच्या शेवटी 'काँ' असा चिकटवतात की पूर्णविराम वाटावा. ज्यांची भाषा आहे त्यांना कुठे, कुणासमोर, किती हे जन्मापासून माहीत असतं. आपल्याला ते कळेपर्यंत थांबावं. आणि दोन वाक्यं कटाक्षाने टाळा. उत्सुक आहे म्हणायला 'झ स्वी एक्सिते' म्हणू नका, त्याला लैंगिक छटा आहे. पोट भरलं म्हणायला 'झ स्वी प्लँ' म्हणू नका, ते दारू चढलेल्या माणसाबद्दल किंवा गाभण जनावराबद्दल आहे. 'झे बियें मांझे', छान जेवलो, हे म्हणा.

पायरी ८: आपेरोला जा

फ्रेंच माणसाशी मैत्री होते ती 'आपेरो'ला, संध्याकाळी जेवणाआधी पेय आणि खाण्याच्या बैठकीत. 'ऑं साप्पेल', फोन करू, किंवा 'ऑं स फे यून बुफ', एकदा जेवायला भेटू, हे आपल्या 'या एकदा घरी'सारखं आहे, तारीख ठरलेली नाही. वार आणि वेळ सांगितली तर ते खरं आमंत्रण. दिलेल्या वेळेच्या आधी कधीच जायचं नाही, पंधरा मिनिटं उशीर हीच रीत. इथे त्याला 'तुलूझचा पाव तास' असं नावच आहे. रिकाम्या हाताने जाऊ नका. वाइन न पिणाऱ्यांनी घरचा चिवडा न्यावा, आपेरोला त्याच्याइतकं चपखल काही नाही. 'सा पीक?' विचारतील, म्हणजे तिखट आहे का. 'अँ प्ती प', थोडंसंच.

वाढताना नुसतं 'मेर्सी' म्हणालात तर ते 'नको' समजून डिश पुढे नेतील. हवं असेल तर 'वी, व्होलोंतिये' म्हणा. शाकाहारी असाल तर आमंत्रण आल्यावरच सांगा, आणि पूर्ण सांगा: 'झ मांझ पा द व्हियांद, पा द प्वासों'. नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासे चालतात असा समज होऊ शकतो, आणि 'लार्दों', डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, भाजीतही सापडतात.

गालाला गाल लावून करायचा 'बीझ' कितीदा, कुठल्या गालापासून, हे गावागणिक बदलतं, आणि कोविडनंतर अनेकांनी तो सोडलाही आहे. समोरच्याच्या हालचालीकडे बघा. नको असेल तर हात पुढे करा, कुणी मनाला लावून घेत नाही.

पायरी ९: आकडे आणि गाव

फोन नंबर इथे दहा आकड्यांचा, दोन-दोनच्या पाच जोड्यांत सांगतात. 'स्वासांत' (साठ) ऐकून तुम्ही ६ लिहिता आणि पुढे 'दिझ-नफ' (एकोणीस) येतं, म्हणजे ७९. 'कात्र-व्हें' (ऐंशी) ऐकून ८ लिहिता, आणि निघतात ९७. उपाय एकच: जोडी पूर्ण ऐकून मगच लिहायची. रस्त्यातल्या गाड्यांच्या नंबर प्लेट मोठ्याने वाचत चला.

आणि ज्या गावात राहाल त्या गावचं बोला. तुलूझमध्ये चॉकलेट भरलेल्या 'पँ ओ शोकोला'ला 'शोकोलातीन' म्हणतात आणि त्यावर तावातावाने वाद होतात. इथले लोक पॅरिसवाल्यांनी गिळलेले आवाज बरेचदा पूर्ण उच्चारतात, त्यामुळे नवख्या कानाला हे शहर सोपं जातं. बेल्जियम किंवा स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांना ७० साठी 'सेप्तांत', ९० साठी 'नोनांत' मिळेल. मॉन्ट्रियलला जाणाऱ्यांनी वरचे बरेचसे शब्द बाजूला ठेवावेत, तिथली बोली निराळी आहे. कोपऱ्यावरचं दुकान तिथे 'देपानर', आणि 'मेर्सी'ला उत्तर 'बियेंव्हन्यू'.

आता पहिलं काम

सप्टेंबरमध्ये जवळपास प्रत्येक गावात 'फोरोम देझ आसोसियासियों' भरतो. १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्था, म्हणजे गिर्यारोहण, गायनवृंद, बॅडमिंटन, मातीकाम, सायकल दुरुस्ती, सगळ्या एका मैदानात टेबलं मांडून बसतात आणि वर्षाची नावनोंदणी करतात. तिथे जा आणि हातापायाला काम असलेली एक गोष्ट निवडा. हात गुंतलेले असले की बोलायची धास्ती कमी होते आणि तेच शब्द दर आठवड्याला परत येतात. आपली मराठी मंडळी दिवाळीला, गणपतीला भेटतातच, त्यांना सोडू नका, पण आठवड्याची ही एक संध्याकाळ फ्रेंचसाठी राखा. तारीख तुमच्या 'मेरी'च्या, म्हणजे नगरपालिकेच्या, संकेतस्थळावर ऑगस्टच्या अखेरीस बघा, आणि टेबलाजवळ गेलात की आधी 'बोंजूर' म्हणून मग माहितीपत्रक उचला.